गाडीला अवकाश आहे

"बाई, खालचा संडास तुंबलाय. जरा हात घालून बघा. तुमच्यात सवय असते ना."

मॅडमनी हे माझ्या कानाशी वाकून सांगितलं. हळू आवाजात, कार्यक्रमात व्यत्यय नको म्हणून. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. समोर माईकवर आमचे अध्यक्ष सर अवकाशवीरांच्या पुस्तकांवर बोलत होते. आणि जे बोलत होते ते सगळं माझं होतं.

नीट सांगते. रविवारची सकाळ. नाशिकमधलं एक वाचनालय, त्याचा वरचा हॉल. त्या वाचनालयात मी शिपाई, चौदा वर्षं, तीसुद्धा कंत्राटावर. मॅडम म्हणजे आमच्या ग्रंथपाल. त्या दिवशी दाराबाहेरच्या, रस्त्याकडच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'अवकाशवीरांचे अनुभव – वाचायलाच हवीत अशी बारा पुस्तकं.' आपल्या देशाचा माणूस वर जाऊन, राहून, परत आला तेव्हापासून असल्या पुस्तकांच्या कपाटाला गिऱ्हाईक आलंय. त्याआधी त्याची धूळ मी एकटी झटकायचे आणि आतली पुस्तकंही मी एकटीच वाचायचे. ती बारा मी निवडलेली. प्रत्येकावर दोन-दोन पानं टिपण लिहिलं होतं, दोनशेपानी वहीत. पंधरा दिवसांपूर्वी सर म्हणाले, "तुम्ही बरंच वाचता म्हणे. बघू वही." मी दिली. वाटलं, यादीखाली माझं नाव घालतील. वेडीच मी.

माईकवर सर म्हणाले, "ही यादी म्हणजे माझ्या वर्षभराच्या वाचनाचं सार." आयत्या बिळावर नागोबा.

मग ते सांगायला लागले, वर पाण्याचा थेंब वाया घालवत नाहीत. घाम, मूत्र सगळं गोळा करतात, शुद्ध करतात आणि तेच पितात. संडासाचं यंत्र बिघडलं तर अवकाशवीर स्वतः हातमोजे घालून दुरुस्त करतो. हॉलमध्ये सगळे 'वा वा' करत होते. पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "केवढी ही तपश्चर्या." नेमक्या त्याच वेळी मॅडम माझ्या कानाशी वाकल्या.

त्यांची ती तपश्चर्या. आमची ती सवय.

सवय दादांना होती. दादा म्हणजे माझे वडील. मैलाटाकीत उतरायचे, ठेकेदाराकडे रोजावर. टाकीचं झाकण काढलं की आधी भिंतीवरची झुरळं बघायची. झुरळं पळताहेत म्हणजे आत हवा आहे. मेलेली दिसली तर गॅस आहे, थांबायचं. एवढंच आमचं यंत्र. मग कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक शंकरकाकांच्या हातात, ते दादांचे जोडीदार. दोघांची खूण ठरलेली. एक झटका म्हणजे दोर सोड. दोन झटके म्हणजे ओढ. आतून हाक मारायची सोय नसते. तिथं तोंड उघडलं की संपलं.

मी सातवीत होते. गंगापूर रोडच्या बाजूची एक सोसायटी. दादा आत उतरले होते, दोर काकांच्या हातात होता. सोसायटीतले एक साहेब खाली आले. त्यांच्या गाडीवर शिंतोडे उडाले होते.

"आधी गाडी पूस."

"साहेब, दोर सोडता येत नाय."

"मग नळाला बांध की. पळून जाणार आहे का तो?"

काकांनी दोर नळाला बांधला. गाडी पुसली. नीट पुसली नाही म्हणून साहेबांनी परत पुसून घेतली. काका परत आले तेव्हा दोर ताठ झाला होता. आतून किती झटके दिले असतील, कोण सांगणार? नळ थोडाच सांगतो.

वर काढलं तेव्हा दादांच्यात धुगधुगी होती. काकांनी त्यांना पार्किंगच्या फरशीवर निजवलं. साहेब म्हणाले, "फरशीवर नको. तिकडे मातीत घे." मातीत घेतलं. मग लांबूनच पाइपनं त्यांच्या अंगावर पाणी मारलं. आई आणि मी रिक्षानं पोचलो तेव्हा दादा तसेच ओले पडले होते. पोट हलत होतं. अंगावर कोणी काही घातलं नव्हतं, आईनं आपला पदर घातला.

आई म्हणाली, "गाडी बोलवा ओ साहेब. माणूस हाय अजून."

साहेबांच्या कानाला फोन होता. ते म्हणाले, "गाडीला अवकाश आहे."

आमच्या वस्तीत 'टाइम हाय' म्हणतात. अवकाश हा शब्द आईनं जन्मात ऐकला नव्हता. तिला वाटलं, गाडी आली. ती उठून गेटकडे पळाली. रस्त्यावर जाऊन उभी राहिली, येईल त्या गाडीला हात करायला लागली. साहेब वैतागले. म्हणाले, "अगं ए, अवकाश म्हणजे वेळ आहे अजून. मराठी कळत नाही का?" आई परत आली ती खाली मान घालून. चुकल्यासारखी. नवरा मरत होता आणि तिला लाज वाटत होती शब्द न कळल्याची. तो चेहरा मी कशी विसरू?

गाडी आली तेव्हा दादा गेले होते. पुढं माझी शाळा सुटली. धुणीभांडी केली. पुढं खूप वर्षांनी या वाचनालयात लागले.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "आलेली पुस्तकं लावून घ्या. आणि ते अवकाशाचं कपाट पुसा." मला अवकाशाचा एकच अर्थ माहीत होता, साहेबांनी सांगितलेला. मला वाटलं, ज्यांना वेळ लागला त्यांचं कपाट. म्हणजे उशिरा परत आलेली पुस्तकं ठेवायची जागा. मी उशिराची सगळी पुस्तकं शोधून त्यात भरली. पाककृती, भविष्य, शेअर बाजार, सगळं अवकाशात. मॅडम हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. येईल त्या सभासदाला सांगायच्या, "आमच्या बाईंनी अवकाशात पाककृती पाठवल्या." वर्षानुवर्षं सांगत होत्या. मीही हसायचे. माझा चहाचा कप तेव्हापासून खिडकीत वेगळा आहे, कान तुटलेला. त्यावर मात्र कोणी विनोद केला नाही.

पण ती पुस्तकं बाहेर काढताना एकेक नाव वाचावं लागलं. एक मी पिशवीत घालून घरी नेलं. यानाबाहेर जाऊन काम करणाऱ्या एका माणसानं स्वतःबद्दल लिहिलेलं. त्याच्या कमरेला दोर होता. मी तिथंच थांबले. पुस्तक मिटलं, परत उघडलं. दोर एक नाही, दोन. एक सुटला तर दुसरा. तो बाहेर असेपर्यंत आत एक माणूस फक्त त्याच्याशी बोलायला बसलेला. श्वास जलद झाला तर खाली जमिनीवर कळतं आणि शंभर माणसं आपापल्या जागी सावध होतात. काम अर्धं टाकून त्याला आत बोलावतात. तो माणूस परत जमिनीवर येतो तेव्हा त्याला उभं राहता येत नाही. चार जण उचलून खुर्चीत बसवतात, पांघरूण घालतात, डॉक्टर हात धरून असतो.

पांघरूण घालतात, एवढं वाचून मी रडले. शरम कसली सांगायला, ढसाढसा रडले.

मग कपाट वाचूनच काढलं. प्रत्येक पुस्तकात मी दोर शोधायचे, तो कुणाच्या हातात आहे ते बघायचे. दादा काही पाठ सोडत नाहीत. आजही मी रस्त्यात चेंबरच्या झाकणावर पाय देत नाही, वळसा घालून जाते. एखाद्या पोरीनं पुस्तक विचारायला मागून माझ्या पदराला दोनदा ओढ दिली तर मी जागच्या जागी थिजते. तिला वाटतं, बाई रागावल्या. शंकरकाका तर शेवटपर्यंत आपल्या मुठी वळून बसायचे. जेवतानासुद्धा. म्हणायचे, "पोरी, दोन झटके दिले असतील गं त्यानं. मी गाडी पुसत व्हतो." मी त्यांना कधी दोष दिला नाही. पण 'नाही काका, नसतील दिले' असंही कधी म्हणाले नाही. ते माझ्याच्यानं झालं नाही.

आता परत हॉलमध्ये.

सर सातव्या पुस्तकावर आले. तेच ते दोराचं पुस्तक. माझी वाक्यं जशीच्या तशी. "बाहेर एकटा दिसणारा माणूस एकटा नसतो." वाचलं. "त्याच्या श्वासावर कोणाचं तरी लक्ष असतं." वाचलं. पुढची ओळ मला पाठ होती. मी वाट बघत राहिले. सरांनी डोळे वहीवरून फिरवले, जरा थांबले आणि पान उलटलं.

मी उठले. मॅडमना वाटलं, संडासाकडे निघाले. त्यांनी मला वाट करून दिली. मी सरळ माईककडे गेले.

"सर, सातव्या पुस्तकाखाली अजून एक ओळ आहे."

"प्रश्न शेवटी घेऊ बाई."

"प्रश्न नाही. ओळ आहे. वही माझी आहे."

सर हसले, मोठी माणसं लहानांना हसतात तसं. म्हणाले, "बसा, बसा. तुमचंही नाव घेणार आहोत. त्याला अवकाश आहे अजून."

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत त्यांनी कुठला शब्द उच्चारला. माझ्या डोळ्यांपुढं आई गेटकडे पळाली.

मी म्हणाले, "तुम्हाला असेल. मला नाही." टेबलावरची वही उचलली आणि ओळ वाचली. 'ह्याला दोर होता. माझ्या वडलांनाही होता. ह्याचा दोर कोणी नळाला बांधला नाही.' मग मैलाटाकी, गाडी, फरशी, सगळं सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील. कोणी टाळी वाजवली नाही. तपश्चर्यावाल्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

मॅडम पुढं आल्या. "बाई, पुरे झालं. आधी खालचं बघा."

"खाली मी उतरणार नाही. आज नाही, कधीच नाही. हातमोजे जिन्याखालच्या कपाटात आहेत. सरांनी आत्ताच सांगितलं, अवकाशवीर स्वतः करतात."

आणि मी पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. स्टुलावर नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं. गैरवर्तन. खुलासा द्या, नाहीतर कंत्राट पुढं चालू राहणार नाही. फळ्यावर यादी लागली, खाली सरांचं नाव. मी त्याच फळ्यावर माझ्या अक्षरातली यादी लावली. बारा पुस्तकं, सातव्याखाली ती ओळ, शेवटी माझं नाव आणि दादांचं नाव. संध्याकाळपर्यंत कोणीतरी काढली. सकाळी मी दुसरी लावली. तीही काढली. रोज काढतात, रोज लावते. झेरॉक्स नाही, दर वेळी हातानं लिहिते. एक कॉलेजची मुलगी ती उतरवून घेत होती, तिला मी बसायला खुर्ची दिली.

खुलासा मागितला होता ना, तो हा. यात माफी नाही. चूक झाली असंही नाही. नोकरी गेली तर त्या फळ्यासमोरच्या फुटपाथवर यादी घेऊन उभी राहीन, सकाळी वाचनालय उघडतं त्या वेळेला. दादांना ओढायला तेव्हा कोणी नव्हतं. आता त्या दोराचं टोक माझ्या हातात आहे. कुणाची का गाडी पुसायची राहिना, मी तो नळाला बांधणार नाही.