तळ्यातलं पापलेट

आमच्या लॅबमध्ये फ्रीजर आधी भरतो की किस्से, सांगता येत नाही. लॅब महाप्याला, मी तिथे केमिस्ट. मासा कापायचा आणि त्यात शिसं, कॅडमियम किती उतरलंय ते बघायचं, हे माझं काम. मित्रमंडळी हे किस्से ऐकून खो-खो हसतात. माझं डोकं फिरतं!

हे सगळे किस्से एकाच फॅक्टरीचे. तिचं सांडपाणी मागच्या तळ्यात जातं. त्याच तळ्यातले रोहू-कटला पकडून गावातली हिराबाई विकते, आणि घरीही तेच शिजवते.

*

फॅक्टरीच्या मॅनेजरला म्हटलं, तळ्यातला मासा तपासायला पाठवा. बर्फात घालून चकचकीत पापलेट आलं! मी फोन लावला. "साहेब, पापलेट समुद्रात असतं. तळ्यात कुठून आलं?"

"मॅडम, मग कुठला पाठवू ते आधी सांगायचं ना!"

*

शेवटी मीच गेले. गेटजवळ काचेची टाकी, आत रंगीत मासे. "आमचंच ट्रीट केलेलं पाणी आहे. बघा कसे मस्त फिरतायत!" मॅनेजर खूश. तेवढ्यात वॉचमन प्यायच्या पाण्याचा जार घेऊन आला आणि टाकीत ओतायला लागला.

मी जारकडे बोट दाखवलं. मॅनेजर वैतागला. "मग आमचं पाणी कसं घालणार, मॅडम? मरतील ना ते!"

*

हिराबाईने जाळं टाकून मासे काढून दिले. कल्ले काळे, दोघांचा तर कणाच वाकलेला. मी विचारलं, "हे असले कोण विकत घेतं?"

"बाजारान कोन घेत नाय. म्हनून आमीच खाताव."

तिला म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत खाऊ नका. घरी येईपर्यंत मी रिक्षात रडत होते, रागाने.

*

रिपोर्ट आला. यकृतात शिसं, कल्ल्यांत कॅडमियम, सगळं मर्यादेबाहेर. मॅनेजर धावत लॅबमध्ये. "मॅडम, फक्त 'मासा निरोगी' एवढं लिहा."

"साहेब, मासा मेलाय."

"मग 'मरेपर्यंत निरोगी होता' लिहा!"

मी हिराबाईला फोन करायला निघाले, तर आमचे सर म्हणाले, "रिपोर्ट क्लायंटचा असतो." "आणि पोट कोणाचं असतं, सर?" मी ओरडलेच!

*

मग फॅक्टरीने तळ्यात मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम केला. बॅनर, फोटो, टाळ्या. हिराबाईला गुपचूप द्यायला रिपोर्टची कॉपी पर्समध्ये घालून मीही त्यांच्याच गाडीतून गेले. कार्यक्रम संपल्यावर हिराबाईने सगळ्यांना अंगणात जेवायला बसवलं. साहेबच मासे सोडतायत म्हणजे पाणी चांगलंच असणार, असं धरून तिने पाहुण्यांसाठी तळ्यातल्या रोहूचं कालवण, तांदळाची भाकरी केली होती.

मॅनेजरने ताटाकडे बघितलं. "आजी, माझा आज उपास."

शेजारचा इंजिनीअर म्हणाला, "माझाही."

अकाउंटंटनेही मान डोलावली. रविवारी उपास! येताना गाडीत याच तिघांनी ऑम्लेट-पाव हाणला होता!

हिराबाई तिन्ही ताटांकडे बघत राहिली. मग पदराला हात पुसून मॅनेजरसमोर उकिडवी बसली.

"सायेब, खरा सांगा. आमीपन उपास धराचा काय?"