ब्रसेल्स ऐकत नाही

युरोप खंडाच्या भवितव्याची चिंता आमच्या मेहुण्याइतकी मनापासून वाहणारा माणूस या पृथ्वीतलावर दुसरा झाला नाही. खुद्द युरोपातले लोक उन्हाळा आला की समुद्रावर वगैरे जातात. हा जात नसे. अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात खिडकीकडे पाठ करून तो पोर्तुगालची काळजी करत बसे. नात्याने तो माझ्या बायकोचा मावसभाऊ. आम्ही त्याच गावात राहत असल्यामुळे त्याची, आणि त्याच्यामार्फत आधी पंधरा, मग पंचवीस आणि शेवटी सत्तावीस देशांची जबाबदारी आमच्या घरावर येऊन पडली होती. राष्ट्रीय सरकारं युरोपीय संघाला आपल्याकडे कशी वाकवतात आणि वाकवता वाकवता स्वतः कशी वाकतात, हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. तो त्याने दोन हजार एकच्या पानगळीत हाती घेतला, तेव्हा डोक्यावर केस दाट होते.

काळजी हा त्याचा स्वभाव नव्हता, व्यवसाय होता. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला माणसं जमली होती. कोणीतरी सहज विचारलं, "काय रे, कसा आहेस?" चकली हातात तशीच धरून हा म्हणाला, "पोलंडचं काही खरं नाही." नागपूरचा एक इंजिनिअर शेजारी बसला होता. तो कळवळून म्हणाला, "यार, माझं ग्रीन कार्ड अडकलंय, आणि हा पोलंडचं सांगून राहिला!" मेहुण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं होईल हो," तो म्हणाला, "पण पोलंडने आत्ताच अटी घालायला सुरुवात केलीय."

युरोपात जे घडायचं ते आमच्या पहाटे घडे, त्यामुळे आमचा फोन पहाटे वाजे. पहाटेचा फोन म्हटला की परदेशात राहणाऱ्याच्या छातीत आधी धस्स होतं. गावाकडे कोणाचं काय झालं, या विचाराने मी धावत जाऊन रिसीव्हर उचलायचो, आणि पलीकडून खोल आवाज यायचा, "भाऊजी, डेन्मार्क फुटणार." दोन हजार पाचच्या उन्हाळ्याच्या तोंडावर फ्रान्सच्या जनतेने युरोपची राज्यघटना फेटाळली, तेव्हा तर त्याने जेवण सोडलं. माझ्या बायकोने डबा भरला. मी तो मेहुण्याच्या खोलीवर नेऊन उघडला, तर आत पिठलं-भात. कोणाकडे दुःखद प्रसंग घडला की शेजाऱ्यांनी जे न्यायचं, ते तिच्या हातून आपोआप झालं होतं. डबा परत यायच्या आत नेदरलँड्सनेही नकार दिला.

एकदा बर्फात अडकलेल्या बसची वाट पाहताना त्याने मला प्रबंधाचं सार सांगितलं. "मंत्री ब्रसेल्सला, म्हणजे संघाच्या मुख्यालयात, जातो आणि म्हणतो, माझं काही नाही हो, पण घरचे ऐकणार नाहीत. घरी येऊन म्हणतो, मी पुष्कळ भांडलो, पण ब्रसेल्स ऐकत नाही. दोन्हीकडे त्याचं वजन वाढतं."

"हे तर आपल्याकडे प्रत्येक लग्नाच्या बैठकीत चालतं," मी म्हणालो. "आमचं काही मागणं नाही, पण आत्याबाईंची समजूत कोण घालणार?"

तो चष्म्यावरचा बर्फ पुसत म्हणाला, "याला काही लिखित आधार मिळेल का?"

वर्षं गेली, प्रबंध काही संपेना. साताऱ्याला त्याची आई, म्हणजे आमच्या मावशी, एकट्या होत्या. त्याचे वडील गेले त्या वर्षीही हा पंधरा दिवस राहून परत आला. मावशी फोनवर विचारत, "कधी संपणार रे?" आणि हा म्हणे, "मी तयार आहे गं, प्रोफेसर सोडत नाहीत." मला त्या अदृश्य प्रोफेसरांचा राग येई. मी त्याला एकदा म्हटलंही, "भांड की त्यांच्याशी." तेव्हा तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "भाऊजी, विद्यार्थी आहे तोवर मला कोणी काही विचारत नाही. संपलं की इथे व्हिसा विचारणार, तिथे आई विचारणार." त्याच्या आवाजात तेव्हा पोलंड नव्हतं.

दोन हजार आठच्या वसंतात मात्र घटका जवळ आली. प्रोफेसर जूनअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे हा विषय सांभाळणारं विभागात कोणी नव्हतं. त्याआधी डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाला नाही तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. आणि याने जाहीर केलं की जूनमध्ये आयर्लंड युरोपच्या नव्या करारावर मतदान करणार आहे, त्याच्याआधी घाई करणं शास्त्रीय दृष्ट्या बेजबाबदारपणाचं ठरेल. मावशींनी हे ऐकलं आणि विमानाचं तिकीट काढलं.

मावशी म्हणजे साताऱ्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाई. मेहुण्याने त्यांना सांगितलं की प्रोफेसर फार बिझी आहेत. प्रोफेसरांना सांगितलं की आईला प्रवासाचा थकवा आहे. माझ्या बायकोने, एकही प्रबंध न वाचता, प्रोफेसरांना फोन केला आणि शनिवारी जेवायला बोलावलं.

प्रोफेसर निघाले अगदी मऊ स्वभावाचे, उंच, वाकलेले गृहस्थ. फुलं घेऊन आले. मेहुणा पाण्याचे ग्लास पुन्हा पुन्हा भरत होता. पुरणपोळीपर्यंत हवामानावर निभावलं. मग मावशींनी हात पुसले आणि व्याकरणशुद्ध इंग्रजीत विचारलं, "सर, माझ्या मुलाला आपण केव्हा सोडणार?"

प्रोफेसरांनी हातातला घास खाली ठेवला. "मी? मॅडम, मी तीन वर्षं त्याला संपव म्हणतोय. पण तुमचा आग्रह होता ना, घाई नको, काम परिपूर्ण हवं?"

"माझा?"

मेहुणा भरलेल्या ग्लासात पाणी ओतत होता, ते टेबलावरून माझ्या मांडीवर आलं.

मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त प्रोफेसरांना विचारलं, "आपल्याला कोणता दिवस सोयीचा?" दोघांनी मिळून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि जूनमधला एक शुक्रवार ठरवला. ज्याच्याबद्दल ठरत होतं त्याला मतदानाचा अधिकार नव्हता.

आयर्लंडची मतमोजणी नेमकी त्याच शुक्रवारी निघाली. पहाटे फोन वाजला. "भाऊजी, आयर्लंड नाही म्हणणार. माझं शेवटचं प्रकरण गेलं." आम्ही सगळे विभागात पोचताच त्याने प्रोफेसरांना दारातच गाठलं. डिफेन्स पुढे ढकलावा का, असं त्याने इतक्या आशेने विचारलं की मला भडभडून आलं. प्रोफेसर अतिशय सहानुभूतीने म्हणाले, "मला काही हरकत नव्हती रे. पण तुझी आई ऐकणार नाही."

तो आत गेला. सुरुवातीला नुसता कागदावरून वाचत होता. मग विषयाने त्याला हात दिला. सरकारला हो म्हणायचंय आणि घरचे नाही म्हणतायत, याला आज सकाळच्या आयर्लंडहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, असं तो म्हणाला तेव्हा परीक्षक माना डोलावू लागले. शेवटी प्रोफेसरांनी श्रोत्यांना विचारलं, कोणाला प्रश्न? मावशींनी हात वर केला.

"मंत्री घरी एक सांगतो, तिकडे दुसरं सांगतो. मग त्याला स्वतःला काय हवं असतं?"

मेहुण्याने हातातले कागद मिटले. "सुरुवातीला त्याला ते माहीत असतं," तो म्हणाला. "पुढे दोन्हीकडची कारणं इतकी चांगली जमतात, की स्वतःला विचारायला तो धजत नाही."

"थँक यू," म्हणून मावशी बसल्या. पदराने चष्मा पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

तो पास झाला. जुलैत मावशींबरोबर साताऱ्याला निघाला. पुढचं काय ते तिथे बसून ठरवणार होता, आणि या वेळी त्याने कोणाचंही नाव पुढे केलं नाही. ते गेल्यावर आमचं घर फार शांत झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उगाचच जागा झालो. तेवढ्यात ॲमस्टरडॅमच्या विमानतळावरून फोन आला.

"भाऊजी, काचेतून दिसतंय. सगळं सपाट आहे, हिरवं. लांब गाई आहेत."

"बाहेर जाऊन आलास का?"

"नाही हो. आई झोपलीय खांद्यावर."

पुढचं विमान संध्याकाळी होतं, म्हणजे शहर पाहायला सबंध दिवस हाताशी होता. बाहेर पडायला जो व्हिसा लागतो, तो युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच असतो. तो एक करताना कुठलं सरकार किती वाकलं, यावर त्याच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे. व्हिसा त्याने काढला नव्हता.