झुंबरबाईची न्हाणी

पाथर्डीच्या बाजूला गोरक्षनाथ मिस्त्री कोण म्हणून विचारा, लोक लगेच सांगतील, "बाथरूमवाला ना? माणूस तिरसट, पण काम एक नंबर." आणि तिरसट होताच तो. गिऱ्हाईक मोबाईलमधलं चित्र दाखवायला लागलं, की याचं ठरलेलं वाक्य, "ह्या चित्रात कुणी अंघोळ करताना दिसतंय का? न्हाई ना? मग ठिवा तो मोबाईल खिशात."

वीस-बावीस वर्षांत त्याने भिंतींवर काय काय चिकटवलं नव्हतं! आधी साध्या पांढऱ्या टाइल्स. मग उड्या मारणारे मासे आणि धबधबे आले. ज्या गावात पिण्याचं पाणी टँकरने यायचं, तिथं याने दोन्ही भिंतींवरून धबधबे सोडले. मग फुलांच्या पट्ट्या, मग काळ्यावर सोनेरी रेघा, आणि आता म्हणे सिमेंटसारखी राखाडी भिंत हवी. "इतकी वर्सं सिमेंट झाकायला टाइल्स लावल्या, आता टाइल्सच सिमेंटवानी दिसाया पाहिजेत. धन्य हाय तुमची!" पाच-सात वर्षं गेली की तीच माणसं तोंड वाकडं करून परत यायची. मिस्त्री, एवढे मासे काढा हो, बघवत नाहीत. म्हणून तो आधीच बजावायचा, "भिंत साधी ठिवा. हौस करायची ती टॉवेलात करा, बादलीत करा, कटाळा आला की बदलता येतं. पायाखालची फरशी, पानी जायला तिचा ढाळ आन् भिंतीतला पाइप, हे मातर जन्माचं."

त्याची कामाची एक रीत होती. टाइल्सचा एक तुकडा लावायच्या आधी तो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्या कोऱ्या खोलीत उलट्या बादलीवर बसवायचा. "डोळे मिटा, आन् तांब्या घ्या." म्हातारं माणूस हसायचं, लाजायचं, पण डोळे मिटून हात पुढे करायचं. हात जिथं जाईल तिथं हा विटेच्या खपलीने भिंतीवर खूण करायचा. तिथं नळ. उठताना हात जिथं टेकेल तिथं दांडा. या रीतीपायी त्याला श्रीरामपूरपर्यंत बोलावणी यायची. लोक म्हणायचे, मिस्त्रीने बांधलेल्या बाथरूममध्ये दिवा गेला तरी साबण सापडतो.

आणि आता बोला, या शहाण्या माणसाने स्वतःच्या घरात काय केलं!

त्याची आई झुंबरबाई. पंचवीस-तीस हंगाम तिने ऊस तोडला. दिवाळी झाली की टोळी निघायची, कारखान्याजवळच्या माळावर उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या पडायच्या. तिथं बाईमाणसाला अंघोळीला आडोसा तो कसला? टायरच्या बैलगाडीच्या दांडीपासून कोपीच्या मेढीपर्यंत एक जुनं लुगडं बांधायचं, आणि तांबडं फुटायच्या आत, अंगावरच्या लुगड्यासकट, अर्ध्या बादलीत उरकायचं. लहानगा गोरख त्या आडोशाचा सुटा पदर धरून बाहेर उभा राहायचा. "तिकडं तोंड कर. कुणी आलं तर खोकायचं," आई सांगायची. थंडीने हात बधिर व्हायचे, पण त्याने पदर कधी सोडला नाही. तेव्हाच त्याने मनाशी धरलं होतं, की आपण आईला दार लावून अंघोळ करता येईल अशी न्हाणी बांधायची. ऊसतोड सोडून तो फरशीकामाला लागला तो काही उगीच नाही. पण लोकांच्या न्हाण्या बांधता बांधता स्वतःचं पक्कं घर व्हायला पंचेचाळिशी उजाडली.

जुन्या घराच्या जागीच ते उभं राहिलं आणि नगरला शिकणारी त्याची लेक आरती मोबाईल घेऊन आली. "पप्पा, आता सगळीकडं हेच चाललंय." आणि ज्याने जगाचे मोबाईल खिशात ठेवायला लावले, तो तोंडाचा आ करून बघत बसला. आईसाठी कमी कशाला करायचं? काळ्या चकचकीत टाइल्स आणल्या, भिंतभर आरसा, त्याच्या कडेने दिवे, काचेची आडभिंत, वरून पावसासारखं पडणारं पाणी. दाराला कडी नाही, गोल बोंड, आतून दाबलं की बंद. वास्तुशांतीला आलेल्या पाव्हण्यांनी चपला काढून आत डोकावलं. झुंबरबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत होती, "माझ्या गोरखनं माझ्यासाटी बांधलंय."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंगणातल्या तिच्या जुन्या दगडावर, लुगड्याच्या आडोशाला अंघोळीला बसली.

गोरक्षनाथला वाटलं, सवय आहे, जाईल. आठ दिवस गेले, महिना गेला. घसरायची भीती वाटत असेल म्हणून त्याने खाली रबराची चटई टाकली. वरून पडणारं पाणी आवडत नसेल म्हणून खाली नळ काढून दिला. "छान हाय की बाबा," ती म्हणायची, आणि पहाटे पुन्हा अंगणात. त्यात अंगणाला लागून नवा रस्ता झालेला, दुधाच्या गाड्या पहाटेपासूनच सुरू. म्हणून म्हातारी आणखी लवकर उठायला लागली. पौषातली थंडी, ओलं लुगडं अंगावर. व्हायचं तेच झालं. खोकल्याने ती पंधरा दिवस अंथरुणाला खिळली.

बरी होऊन उठल्यावर पहिल्याच पहाटे पुन्हा बादली घेऊन निघाली, तेव्हा मात्र गोरक्षनाथचा तोल गेला. "आई, मरायचं हाय का तुला? जन्म घातला म्या ह्या न्हाणीपायी, आन् तू लाथाडतीस!"

बादली खाली ठेवून झुंबरबाई तशीच बिनअंघोळीची चुलीपाशी जाऊन बसली. ते बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सविता, त्याची बायको, चहाचा कप त्याच्यापुढे आदळत म्हणाली, "साऱ्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या बादलीवर बसवून इचारता. आत्याबाईला बसवलं व्हतं का?"

गोरक्षनाथने कप बाजूला सारला. नव्हतं बसवलं. वीस वर्षांत एकदा चुकली नाही ती रीत, आणि चुकली ती नेमकी इथं. आपल्या आईला काय हवं हे आपल्याला न विचारता कळतं, असं तो धरून चालला होता.

ऊन वर आल्यावर त्याने आईला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं, उलट्या बादलीवर बसवलं. "डोळे मिट. घे तांब्या."

तिने डोळे मिटले, पण हात काही पुढे गेला नाही. दोन्ही हातांनी तिने पदर गच्च धरला होता.

"काय हुतंय, आई?"

डोळे न उघडताच ती म्हणाली, "रागावू नको. हितं आत आलं की चारी अंगानं बाया हुब्या ऱ्हात्यात रं. भिंतीत बी, आरशात बी, काचंत बी. मीच हाय ती, मला कळतंय. पर अंगाला कळत न्हाई. अंगाला वाटतं, कुनीतरी बघतंय."

"मग दार लावून..."

"त्ये बोंड? लागलं का उघडंच हाय, काय समजतच न्हाई. ना दिसतं, ना वाजतं. दोनदा आलते मी आत. धाकधुक हुती नुसती. गेले मागारी."

गोरक्षनाथ उंबऱ्यावर बसला. माळावरच्या त्या आडोशाला निदान एका बाजूला तो पदर धरून उभा असायचा. इथं त्याने आईला चकचकीत भिंतींत एकटीला उघड्यावर बसवलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, पुसलंही नाही.

"काय पायजे तुला, आई? आता तूच सांग, मी ऐकतो."

झुंबरबाई पहिल्यांदा हसली. "माझा दगड. आन् कडी. वाजती असली कडी."

दुपारीच त्याने छिन्नी-हातोडा घेतला. आरती नुकतीच सुट्टीला आली होती, ती म्हणाली, "पप्पा, नवीन आहे ना सगळं!" तो म्हणाला, "नवं व्हतं, आपलं नव्हतं." मग तीच टाइल्सचे तुकडे पाटीत भरून बाहेर टाकायला लागली. आरसा गेला, काच गेली. भिंतीला दह्याच्या रंगाच्या, न चकाकणाऱ्या साध्या टाइल्स लागल्या, खाली खरखरीत शहाबादी. उजेडासाठी डोक्याच्याही वर एक झरोका. अंगणातला तो दगड, वर्षानुवर्षांच्या बसण्याने गुळगुळीत झालेला, दोघातिघांनी उचलून आत आणला आणि पक्का बसवला. आई डोळे मिटून त्यावर बसली, हात पुढे गेला, तिथं खूण केली, तिथं नळ आला. आणि दाराला जुन्या घराच्या दाराची लोखंडी कडी. तिला त्याने मुद्दामच तेल दिलं नाही.

काम वाळल्यावर, चांगलं दहा वाजताच्या उन्हात, झुंबरबाई आत गेली. खाडकन कडी वाजली. गोरक्षनाथ बाहेर भिंतीला टेकून, दाराकडे पाठ करून उभा होता. आपण असे का उभे आहोत हे त्यालाच कळलं नव्हतं.

आतून आवाज आला, "गोरख, हाईस व्हय तिथं?"

"हाय, आई."

"जा आता. राखन नको."

तो जाऊन ओट्यावर बसला. आतून पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. अर्ध्या बादलीत उरकणारी बाई, तिला तासभर लागला. मग कडी वाजली. झुंबरबाई नवं लुगडं नेसून बाहेर आली, ओले केस मोकळे, चेहरा उजळलेला. सविता रोजच्यासारखी तिच्या हातातलं अंघोळीचं लुगडं पिळायला पुढे झाली आणि ते हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो उठून जवळ आला, त्याने लुगड्याला हात लावला.

लुगडं कोरडं होतं.