आठल्यांचं ग्रीनलंड

कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघात शरच्चंद्र आठल्ये यांचं आर्क्टिकवरचं व्याख्यान झालं, ते त्यांचं त्या विषयावरचं चौथं. कुसुमताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पहिल्यांदाच ऐकायला गेल्या. चव्वेचाळीस वर्षं जे घरात बसून ऐकलं, ते साडी बदलून बाहेर जाऊन ऐकायची त्यांना हौस नव्हती. पण संघाच्या चिटणीस मंदाकिनी सोहोनी स्वतः बोलवायला आल्या आणि नाही म्हणता आलं नाही.

आठल्ये पाटबंधारे खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले होते. तिथे त्यांनी तोंड उघडलं की समोरची माणसं माना डोलवत. निवृत्तीनंतर माना डोलवायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते प्रवासाला लागले. प्रवास त्यांना मुळीच आवडत नसे. पलंग कडक, चहा पांचट, वाटाड्या मूर्ख, असं त्यांचं सगळीकडे चाले. आवडे ते परत येऊन सांगणं. कुसुमताईंनी टपाल खात्यात तीस वर्षं पत्रं लावण्याचं काम केलं होतं. कमी बोलायची सवय त्यांना तिथे लागली, की लग्नानंतर, हे सांगणं कठीण.

ग्रीनलंडची सफर त्यांच्या मुलाने, केयूरने ठरवून दिली. आइसलँडहून निघालेलं लहानसं जहाज, शंभरेक प्रवासी, त्यांत आठल्ये नवरा-बायको धरून पुण्याचे बारा. पुणेकरांनी पहिले तीन दिवस हिमनगांकडे पाठ करून, वरणाला फोडणी का नाही यावर चर्चा केली. चौथ्या दिवशी सकाळी जहाज एका गावासमोर थांबलं. साडेतीनशे वस्ती, डोंगराच्या उतारावर लाल-निळी लाकडी घरं, आणि वर्षातले नऊ महिने समुद्र गोठलेला. किनाऱ्यावर जायचं ते रबरी होडीतून.

जहाजाच्या कडेची शिडी उतरून आठल्ये खालच्या फळीपर्यंत गेले. होडी लाटेबरोबर हातभर वर येत होती आणि तेवढीच खाली जात होती. खलाशाने हात पुढे केला. आठल्यांनी तो धरला नाही. गुडघा दुखतो म्हणाले आणि वळले. आदल्या रात्री त्याच गुडघ्याने ते जहाजावरच्या नाचात तासभर उभे होते. जाताना त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून बायकोच्या गळ्यात घातला आणि चांगले फोटो आण, म्हणून सांगितलं.

कुसुमताई होडीत बसल्या. त्यांनाही भीती वाटली, पण खलाशाचा हात घट्ट होता.

गावात चार तास मिळाले. साखळीला बांधलेले कुत्रे होते, त्यांच्या जवळ जाऊ नका असं बजावलेलं होतं. एका घराच्या कठड्यावर मोठ्या जनावराचं कातडं वाळत होतं. चरबीचा आणि ओल्या केसांचा वास वाऱ्यावर येत होता. पुण्याचे लोक नाकाला रुमाल लावून फोटो काढत होते. एका निळ्या घराच्या खिडकीत एक म्हातारी जेवत बसली होती. आधी एकाने काचेला कॅमेरा लावला, मग दुसऱ्याने, मग पाच-सहा जणांनी. कुसुमताईंनीही लावला. त्यांनी बटण दाबलं त्याच क्षणी म्हातारीने हातातला घास ताटात ठेवला आणि पडदा ओढला.

कुसुमताई तिथून निघाल्या आणि उरलेला वेळ धक्क्यावरच्या एका दगडावर बसून राहिल्या. स्वयंपाकघरात आपण जेवत असताना बाहेर असे लोक जमले तर काय वाटेल, हे त्यांच्या पुन्हा पुन्हा मनात येत होतं. त्यांना स्वतःची किळस आली. बरोबरच्यांची तर आलीच होती.

व्याख्यानात तो फोटो पडद्यावर आला. अर्धा ओढलेला पडदा, त्यामागे सुरकुतलेला हात. समोर साठेक माणसं बसली होती.

आठल्ये म्हणाले, "हे लोक फार बुजरे. मी खिडकीशी गेलो तर बघा कशी घाबरली. प्रगत माणूस त्यांनी पाहिलेलाच नाही."

सभागृहात माना डोलल्या. कोणीतरी हसलं. कुसुमताई तिसऱ्या रांगेतून उभ्या राहिल्या.

"ती बुजरी नव्हती," त्या म्हणाल्या. "ती जेवत होती, आणि आम्ही तिच्या खिडकीला नाक लावलं होतं. हा फोटो मी काढलाय. हे गावात उतरलेच नाहीत. जहाजावर सूप पीत होते."

आठल्यांनी चष्मा काढून पुसला. मग कुसुमला विनोदाची फार आवड आहे, असं सांगून ते पुढच्या फोटोकडे वळले. पण पुढचे फोटोही त्यांचे नव्हते, आणि आता ते सगळ्यांना माहीत होतं. दहा मिनिटांत व्याख्यान आटोपलं.

चहाच्या वेळी मंदाकिनीबाईंनी कुसुमताईंना बाजूला घेतलं. पुढच्या महिन्यात आपणच बोला, असा आग्रह धरला.

"मी तिथे चार तास होते," कुसुमताई म्हणाल्या. "एवढ्यावर त्या लोकांबद्दल तासभर बोलायला माझ्यात यांच्याइतकी हिंमत नाही."

त्या रात्री कुसुमताईंनी कॅमेऱ्यातून आणि संगणकातून म्हातारीचा फोटो पुसला, आणि बाकीचेही पुसले. नवऱ्याला तसं सांगितलं. त्यांनी चार दिवस अबोला धरला. घरात एवढी शांतता पूर्वी कधी नव्हती, असं कुसुमताईंनी केयूरला फोनवर सांगितलं.

पुढच्या महिन्यात आठल्यांना शनिवार पेठेतल्या एका मंडळाने बोलावलं. फोटो नव्हतेच. त्यांनी नुसतं बोलून वेळ मारून नेली. लाटा दहा फुटी झाल्या, होडी उलटता उलटता वाचली, आणि एका अस्वलाने आठल्यांकडे रोखून पाहिलं. फोटोंवाचून व्याख्यान जास्त रंगलं, असं सगळे म्हणाले. आता नाशिकहून बोलावणं आलं आहे.