नाव घेतल्याशिवाय आत नाही

तासभर झाला तरी सगळ्यांची पानं कोरीच होती. बारामतीत एका क्लासच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही सतरंजीवर गोल करून बसलो होतो. मी दिलेला विषय होता, 'लहानपणीच्या स्वतःला पत्र लिहा.' पुण्यातल्या ट्रेनिंगमध्ये हा विषय हमखास चालतो. इथे कोणी पेनाचं टोपण चावत होतं, कोणी समासात फुलं काढत होतं.

मी हॉस्पिटलमध्ये काउन्सेलर आहे. महिन्यातून एका रविवारी एका संस्थेसाठी हे वर्कशॉप घेते. येणारे सगळे गे, लेस्बियन किंवा ट्रान्सजेंडर. आपली गोष्ट सांगायची, जमलं तर लिहायची, एवढंच त्यात असतं. मनात कोंडलेलं शब्दांत आलं की भार जरा हलका होतो, इतका साधा विचार त्यामागे आहे. ही माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून इथे नावं बदलली आहेत.

माझा जीव टांगणीला लागला होता तो संतोषपायी. तिशीतला, कळंबचा, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवणारा. छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलला आला, सगळे रिपोर्ट नॉर्मल निघाले, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवला. दुधाचा टँकर चालवणाऱ्या एकावर त्याचं प्रेम होतं, कित्येक वर्षांचं. घरी तो फक्त 'मित्र' म्हणून माहीत. आणि आता आईने पुढच्याच आठवड्यात मुलगी पाहायला जायचं ठरवलं होतं. गप्प राहिलो तर आपल्याबरोबर त्या मुलीच्याही आयुष्याचं वाटोळं होईल, हे संतोषला पुरतं कळत होतं. पण आईचं सोडा, माझ्यासमोरही त्याच्या तोंडून त्या माणसाचं नाव निघत नसे. 'आमचं मानूस' म्हणायचा आणि मान खाली घालायचा. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी गत.

कंटाळून मी चहा आणायला खाली गेले. ट्रे घेऊन परत आले तर मोहिनीने दारात हात आडवा धरलेला. मोहिनी ट्रान्सजेंडर आहे, मंडईत भाजी विकते आणि ग्रुपमध्ये सगळ्यांत वात्रट आहे.

"मॅडम, नाव घेतल्याबिगर आत न्हाय."

"अगं, चहा सांडेल."

"सांडू द्या की. नवरीला अडवत्यात, तसं अडवलंय."

मागून सगळे ओरडायला लागले, "नाव घ्या, नाव घ्या." इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी काय लाजणार? म्हटलं,

"चहाचा ट्रे जड झाला, हात लागले दुखायला,
सुधीररावांचं नाव घेते, वाट द्या शिरायला."

हॉल हसून लोळला. मोहिनीने हात खाली घेतला. म्हणाली, "किती हळदींत गाणी म्हणली मी, किती वराती नाचले. पर मला कुनी कदी म्हणलं न्हाय, नाव घे म्हणून."

खरंच, इथल्या एकालाही तो आग्रह कधी झाला नव्हता. घरच्या प्रत्येक लग्नात ही माणसं वाढपी, नाही तर बॅगा सांभाळणारी.

मी पत्राचा विषय बाद केला. "सगळे बाहेर व्हा. नाव घेईल तोच आत."

जिन्यात एकच गर्दी झाली. मोहिनीने दार अडवलं. कन्हेरीच्या आर्यनला घरी अजून जन्माच्या वेळच्या मुलीच्या नावानेच हाक मारतात. त्याने स्वतःचंच नाव घेतलं, मोठ्या तोऱ्यात. दोघी जणी एकमेकींचं नाव घेऊन आत आल्या. शेवटी उरला संतोष. कान लालबुंद. दोन पायऱ्या खाली उतरला. मला वाटलं, हा आता गाठतो एसटी स्टँड. तिथेच थांबला, ओठातल्या ओठात काही जुळवलं आणि वर आला.

"टँकर आला डेअरीत, दूध चढलं काट्यावर,
विकासचं नाव घेतो तुमच्या उंबरठ्यावर."

मोहिनीने त्याला मिठी मारून आत ओढलं. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. मग म्हणाला, "मॅडम, लिहून ठिवतो. इसरंल न्हायतर." त्याचं बघून बाकीच्यांनीही पेनं उचलली. टँकरच्या स्प्रिंगचा पाटा तुटून गॅरेजसमोर विकास कसा अडकला, तिथपासून संतोषने सगळं लिहून काढलं. उठायचं नावच घेईना कोणी.

सोमवारी संस्थेच्या को-ऑर्डिनेटरचा फोन आला. "मॅडम, पत्रं किती झाली?"

"एकही नाही."

"मग झालं काय?"

"उखाणे."

"रिपोर्टमध्ये काय टाकू?"

"उपस्थितांनी तोंड उघडलं, असं टाका."

त्याच आठवड्यात संतोषने आईला सांगितलं. नावासकट. आई रडली, मग बोलायचीच थांबली. मुलगी पाहणं मात्र तिने रद्द केलं. त्यानंतर एक दिवस ती एकटीच एसटीने हॉस्पिटलला आली, माझ्यासमोर बसली.

"मॅडम, ह्याच्यावर औषध हाय का?"

"आजार असेल तर औषध, आई. हा आजार नाही."

"संतू बी त्येच म्हणतो." तिने पदर सारखा केला. "छातीत दुखायचं मातर थांबलंय त्येचं." मग हळूच, "त्या विकासला घरी कोन हाय का?"

"ते मी नाही सांगू शकत. संतोषला विचारा."

"इचारलं. कुनी न्हाय म्हणला. गाडीवर कायबी खातो." ती उठली, पिशवी काखेत मारली. "जेवायला बोलावलाय त्येला. तिखट चालतंय का, एवढं तरी सांगाल?"

विकासला मी आजवर पाहिलेलंही नव्हतं. "चालतं," मी ठोकून दिलं. आई स्वयंपाकाला लागत असेल, तर काउन्सेलरने आणखी काही बोलू नये.