कार्बोरेटरची चावी

पेट्रोलचा वास आला की मला नळदुर्गच्या धाब्यासमोरचं ते ऊन आठवतं. वडिलांचं अर्धं अंग गेलं होतं, वाचाही बसली होती, आणि सोलापूरला नेताना आमची जुनी गाडी तिथंच गचके खाऊन बंद पडली. शेजारचा मिस्त्री म्हणाला, “कार्बोरेटरात कचरा अडकलाय, पण हे दोन भोकांचे स्क्रू कुणी बसवलेत? ह्याला काहीच लागंना.” बसवले होते वडिलांनीच, परक्यानं गाडीला हात लावू नये म्हणून, त्या स्क्रूंची चावी त्यांनी स्वतः घासून केलेली, ती कुठं असते ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्री छिन्नीनं ठोकत राहिला. मागच्या सीटवर वडिलांचा चालता हात सारखा कमरेकडं जात होता. “लई आवळतंय वाटतं,” म्हणत आईनं त्यांची नाडी सैल केली, तसा तो हात गळून पडला. शेवटी एका टेम्पोत घालून निघालो, पण ते वाटेतच गेले. अंगणात शेवटची आंघोळ घालताना चुलत्यांनी करदोडा तोडला, तशी त्याला बांधलेली चावी फरशीवर वाजली. मी ती चटकन मुठीत घेतली. आई अजून सांगते, “नाडी सैल केली तवा कुठं बरं वाटलं त्यांना.” मी व्हय म्हणतो.