दाजींचा टेलिव्हिजन आणि तुरीचा भाव

जगात जिला म्हणून किंमत आहे अशी एकही वस्तू माझ्या दाजींच्या नजरेतून सुटली नाही, आणि जिला किंमत नाही तिचीही त्यांनी एकदा तरी चौकशी केलीच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे जळगावकडचे, पण सुरतेजवळ उधन्याच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले आणि सुरतेचेच होऊन गेले. मला सुरतेच्या बँकेत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या नानपुऱ्यातल्या घरी, पुढच्या खोलीत मुक्कामाला गेलो. मी सामान खाली ठेवतोय तोवर दाजींनी वळकटीवरून हात फिरवला, ट्रंकेवर टिचकी मारली आणि "या, बसा" म्हणायच्या आधी विचारलं, "केवढ्याला?" मी भाबडेपणानं खरा आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटून घेतले. "फसवलं तुम्हाला, मेव्हणे," ते म्हणाले, "गाडीत बसायच्या आधीच फसवलं."

लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे अक्षता टाकत आणि दाजी मांडवाच्या कापडाचा पोत बोटांनी चाचपत. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर पडला की आधी वास, मग जीभ, मग तुपाचा अंदाज आणि मग यजमानांना बाजूला घेऊन, "द्रोणामागे काय पडलं?" एकदा त्यांच्या खात्यातल्या एकाचे वडील वारले. दाजी मला घेऊन भेटायला गेले. वाटेत मी त्यांना बजावलं होतं आणि त्यांनीही मान डोलावली होती. तिथं ते बराच वेळ खाली मान घालून बसले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी एक सुस्कारा सोडला, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "फ्रेम सागवानी दिसते. केवढ्याला?" मुलानं डोळे पुसत आकडा सांगितला. दाजी विचारात पडले. "महाग आहे," ते म्हणाले, "पण वडिलांसाठी... ठीक आहे." तो गृहस्थ पुढे मला म्हणाला, त्या तेरा दिवसांत मला एकदाच हसू आलं आणि ते तुमच्या दाजींमुळं.

विचारण्यापर्यंत ठीक होतं. पण विचारल्यावर जे उत्तर येई ते दाजींना सोसत नसे. भाव वाढला की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. किराणा दुकानाच्या फळीवर कोपर टेकून ते साखरेवर वाद घालत. "चलथाणला साखरेचा कारखाना आहे. चलथाण इथून हाकेच्या अंतरावर. मग साखर महाग होतेच कशी? वाटेत ती जेवायला थांबते काय?" दुकानदार हात जोडून म्हणायचा, "तो चलथाण जाओ ने, साहेब!" एका रविवारी दाजी खरोखरच सायकल मारत चलथाणला गेले. कारखान्याच्या फाटकावरच्या रखवालदारानं त्यांना सांगितलं की इथं किलोनं साखर मिळत नाही. रिकाम्या हातानं परतणं त्यांना शक्य नव्हतं. संध्याकाळी ते सायकलीला उसाची मोळी बांधून घरी आले आणि ताईला म्हणाले, "घे. यातून काढ."

असे दिवस होते. कांदा महागला की घरात कांदाबंदी. तेल महागलं की उकडलेल्या भाज्या. तत्त्वासाठी पिशवी रिकामी येई आणि तत्त्वच ताटात वाढलं जाई. ऊस आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईनं त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली. माझी ताई कमी बोलणारी. ती एवढंच म्हणाली, "आजपासून बाजार मी करीन. तुम्ही जेवत जा."

आणि चमत्कार झाला. देशभर महागाईची ओरड चालली होती, पेपरात दुसरी बातमी नव्हती, पण आमच्या घरात तूरडाळ जागची हलली नाही. साखर, तेल, गूळ, सगळं जिथल्या तिथं. दाजी रोज जेवताना विचारीत, "तूर काय भावानं आणलीस?" ताई पोळी उलटत उलटत सांगे आणि दाजी प्रसन्न होऊन भाताचा आणखी एक ढीग घेत. गिरणीत त्यांची छाती फुगायची. "महागाई बाजारात नसते," ते सांगत, "बायको बाजारात गेली की तिच्या चालण्यात असते. आमच्या हिला दुकानदार वचकून असतात." बँकेत आमचे लोक डोक्याला हात लावून बसलेले असत, तेव्हा मीही हेच ऐकवीत असे. बाजाराचं तोंड मी तरी कुठं पाहत होतो!

मग गिरणीतले एक इंजिनियर नवी यंत्रं शिकायला अमेरिकेला जाऊन आले. त्यांनी तिथला एक खेळ दाजींना सांगितला. टेलिव्हिजनवर बायकांना बोलावतात, समोर किराणा मांडतात, डबा कितीचा, पुडी कितीची ते ओळखायला लावतात आणि बरोबर आलं तर रोख पैसे देतात. दाजी त्या दिवशी नीट जेवले नाहीत. "भाव ओळखायचे आणि वर पैसे घ्यायचे! मेव्हणे, आपण चुकीच्या देशात जन्मलो." मग पाणी पिऊन त्यांनी दुरुस्ती केली. "नाही. खेळ चुकीच्या देशात जन्मला."

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तो खेळ आणायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं. सुरतेत तेव्हा टेलिव्हिजन कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे तो कसा दिसतो यावरून दाजींशी वाद घालायला कुणी उरलं नाही. गिरणीतल्या सुताच्या खोक्यांच्या फळ्या जोडून त्यांनी माणूसभर उंचीची चौकट केली, तिला काळा रंग फासला आणि उजव्या बाजूला तुपाच्या डब्याची दोन झाकणं खिळ्यानं ठोकली. झाकणं फिरत. एक आवाजाचं, एक चालू-बंदचं. दाजी चौकटीच्या मागं उभे राहून कंबरेच्या वर दिसणार, म्हणजे टेलिव्हिजन. खेळाचं नाव त्यांनी ठेवलं 'भाव बोला, रोख न्या'. बक्षिसासाठी पाच-पाचच्या कोऱ्या नोटा चौकटीला टाचणीनं लावल्या होत्या. त्या पाहून मंडळाचे अध्यक्ष, जे पोस्टातून निवृत्त झालेले आणि जन्मजात धास्तावलेले होते, दाजींना विचारीत होते, "पण सगळ्यांनीच बरोबर सांगितलं तर?" "बायकांना भाव कळत असते," दाजी म्हणाले, "तर ही वेळ आली असती का देशावर?"

रविवारी दुपारी मांडव भरला. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, पुढं पोरं. टेबलावर पितळी वाट्यांत तूर, साखर, शेंगदाण्याचं तेल, गूळ. दाजींनी कोट घातला होता. त्यांनी झाकण फिरवलं, चौकटीतून नमस्कार केला आणि पहिल्या बाईंना तुरीचा भाव विचारला. बाईंनी क्षणभरही न थांबता सांगितला.

"चूक!" दाजी आनंदानं म्हणाले.

दुसऱ्या बाईंनी तोच भाव सांगितला. चूक. तिसऱ्या साखरेवर आल्या. चूक. तेलावर एक गुजराती शेजारीण, जसुबेन, आल्या. त्यांनी भाव सांगताच दाजी कळवळून म्हणाले, "बेन, एवढे पैसे देता तुम्ही? तुम्हाला लुटतात हो!" नोटा वाऱ्यावर हलत होत्या आणि एकही सुटत नव्हती. बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली, कुजबुजीचा गलका झाला. शेवटी उधन्याच्या चाळीत राहणाऱ्या, पाटीत भाजी घेऊन फिरणाऱ्या लीलाबाई उठल्या आणि सरळ चौकटीसमोर जाऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुमनी तूर काय भावनी शे, ते तरी सांगा दाजी."

दाजींनी सांगितला.

"कोन्ता दुकानमा भेटस हाऊ भाव?" लीलाबाई म्हणाल्या. "माले बी दखाडा. मी आत्ताच पोतं उचलस!"

हशा उसळला. अध्यक्ष चौकटीपाशी धावले. "दाजी, हा भाव तुम्हाला सांगितला कुणी?" दाजींचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी बायकांच्या बाजूला बोट केलं. "कुणी म्हणजे? आमच्या घरी याच भावानं येतं सगळं. विचारा, ही बसली आहे समोर. विचारा हिला!"

सगळ्या माना ताईकडे वळल्या. ती तिसऱ्या ओळीत बसली होती. 'हो' म्हणावं तर आजूबाजूच्या साऱ्या बायका रोज बाजार करणाऱ्या, आणि 'नाही' म्हणावं तर चौकटीत उभा असलेला नवरा. ताई पदर सारखा करत सावकाश उठली.

"ते खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "घरात मी त्यांना हाच भाव सांगते." थोडं थांबून तिनं जोड दिली, "मी सांगते. दुकानदार नाही सांगत."

मग लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्यातून एक फुसकं हसू बाहेर पडलं. "मी बी तेच करस वं बाई!" त्या म्हणाल्या. जसुबेन डोळे पुसत हसू लागल्या. बघता बघता बायकांची सगळी बाजू एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटली. पुरुषांच्या बाजूला मात्र चिटपाखरू हलत नव्हतं. प्रत्येक नवरा मान वळवून आपापल्या बायकोकडे बघत होता. अध्यक्षांची बायको तर अध्यक्षांकडे बघायलाच तयार नव्हती. दाजी चौकटीत तसेच उभे. त्यांनी एकदा बायकांकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग त्यांनी हात पुढं करून तुपाच्या डब्याचं झाकण उलटं फिरवलं, टेलिव्हिजन बंद केला आणि खाली बसून दिसेनासे झाले.

घरी जाताना दाजी पुढं, ताई मागं आणि मधे मी. गल्लीच्या तोंडाशी दाजी थांबले.

"तूर खरी किती?"

"आता कशाला ते?"

"सांग."

ताईनं सांगितलं. दाजींनी शेजारच्या ओट्याला हात टेकला. "साखर?" तिनं सांगितलं. दाजी ओट्यावर बसले. "तेल?"

"तेल उद्या सांगते," ताई म्हणाली. "आधी घरी चला."

ते उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग वरचे पैसे कुठून येत होते?"

"जसुबेन जरीचं काम आणून देतात. पदरावरच्या बुट्ट्या भरायच्या. दुपारी रिकामीच असते मी."

दाजी तिच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी तिचे डोळे लाल का दिसतात हे त्यांनी पूर्वी विचारलं होतं आणि तिनं "कांद्यानं" असं सांगितलं होतं. त्यांनी ते मान्य केलं होतं, कारण कांदा त्या दिवसांत तिच्या सांगण्यानं स्वस्त होता. ते ओट्यावरून उठले आणि पहिल्यांदाच तिच्या बरोबरीनं चालू लागले.

पुढच्या वर्षीही खेळ झाला आणि मग दरवर्षी. आता भाव बायकांनी ठरवायचे आणि ओळखायचे पुरुषांनी. लोकांना तो इतका आवडला की नाटकाला नसायची एवढी गर्दी त्याला व्हायची. एकाही पुरुषाला एकही नोट जिंकता आली नाही आणि अध्यक्षांची धास्ती कायमची गेली. दाजी चौकटीत उभे राहून प्रत्येकाला मोठ्या मायेनं "चूक" म्हणायचे.

आता दोघंही नाहीत. मला आठवते ती माझी बदली झाली तेव्हाची सकाळ. दाजी गिरणीत जायच्या आधी खिडकीतल्या उजेडात बसले होते. ताईला बारीक दिसेनासं झालं होतं, म्हणून जरीकामाला दिवसभर पुरतील एवढ्या सुया ते रोज सकाळी ओवून कापडावर टोचून ठेवत. जीभ दाताखाली, चष्मा कपाळावर. "धागा फार लांब होतोय हो, गुंतेल," ताई म्हणाली. त्यांनी मुकाट्यानं तो तोडला आणि पुन्हा ओवायला घेतला. मी ट्रंक उचलून म्हटलं, "दाजी, निघतो."

"थांबा मेव्हणे," ते मान वर न करता म्हणाले, "एवढी सुई होऊ द्या."

गाडीची वेळ होत आली होती. मी ट्रंक खाली ठेवली आणि थांबलो.